मुरलेली तंबाखू: जुना सिगार खरंच चांगला लागतो का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे 'म्हणजे', 'तर' आणि खोकले आले होते ते काढलेत, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

विषय एका श्रोत्याच्या प्रश्नातून आला. त्यांनी विचारलं होतं, "सिगार पाच-दहा वर्षं जपून ठेवला की त्याची चव सुधारते, असं म्हणतात. हे खरं, की दुकानदारांनी पसरवलेली गोष्ट?" मी स्वतः ओढत नाही. पण माझ्या पुण्याच्या ऑफिसात एक जण आहे, त्याच्या टेबलाखाली लाकडी पेटी, पेटीत आर्द्रता मोजायचं यंत्र, आणि मोबाइलवर त्याचा आलेख. सर्व्हरवर जेवढं लक्ष नाही तेवढं त्याचं त्या पेटीवर. त्यामुळे प्रश्न मला ओळखीचा वाटला. शोधायला लागलो तेव्हा मात्र गोष्ट क्यूबात राहिली नाही. ती विजापूर, बऱ्हाणपूर, निपाणी असं फिरत फिरत थेट आमच्या यावलपर्यंत आली.

मुरणं आणि जुनं होणं

आपल्या भाषेत या प्रश्नाचं अर्धं उत्तर आधीच आहे. 'जुनं होणं' आणि 'मुरणं' हे दोन वेगळे शब्द आपण वापरतो. लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, पाणी जमिनीत मुरतं, एखादा माणूस राजकारणात मुरलेला असतो. पापड मात्र मुरत नाही, तो सादळतो. शेंगदाणे खवट होतात. पीठ जुनं झालं की त्याला जाळी धरते. वेळ सगळ्यांवरून तेवढाच जातो, पण काही वस्तूंच्या आत त्या वेळात काम चालू असतं आणि काहींच्या आत फक्त झीज होते.

जुना तांदूळ नव्यापेक्षा महाग का, हे कुठल्याही किराणा दुकानदाराला विचारा. नवा तांदूळ चिकट होतो, जुना मोकळा शिजतो. इथे वेळेने दाण्यात खरोखरच बदल केलेला असतो. तर श्रोत्याचा प्रश्न मराठीत असा मांडता येतो: सिगार लोणच्याच्या जातीचा की पापडाच्या?

पान कुजवून पैसा: यावलची नीळ

जुन्या गॅझेटियरमध्ये यावलची ओळख दोन गोष्टींसाठी दिलेली आहे. एक, जाडाभरडा देशी कागद. दोन, नीळ. आज यावल म्हटलं की केळी, निंबाळकरांचा किल्ला आणि सातपुड्याच्या पायथ्याचं अभयारण्य एवढंच डोळ्यासमोर येतं. निळीचं नाव निघालं की गावातल्याच पोरांना नवल वाटतं.

नीळ करायची रीत बघा. झाड कापायचं, पाला हौदात पाण्याखाली दाबून ठेवायचा. काही तासांत तो आंबायला लागतो. फेस येतो, वास सुटतो. मग ते पाणी दुसऱ्या हौदात घेऊन माणसांनी घुसळायचं, म्हणजे हवा मिसळते आणि निळा साका तळाला बसतो. तो गाळून, दाबून, वाळवून त्याच्या वड्या. हिरव्या पाल्यात निळा रंग दिसत नाही. आंबणं आणि हवा या दोन गोष्टी तो बाहेर काढतात. १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कारखान्यात तयार केलेली नीळ बाजारात आणली आणि जगभरातले हौद हळूहळू कोरडे पडले.

निळीची गोष्ट मुद्दाम सांगितली. कारण तंबाखूचंही मर्म तेच आहे. ताज्या हिरव्या पानात ती चव, तो वास नसतोच. तो पान तोडल्यानंतर येतो. वाळवणं, ढीग लावणं, तापू देणं, पुन्हा उलटणं. म्हणजे 'मुरवणं' ही तंबाखूवर शेवटी केलेली सजावट नाही, तंबाखू तयार होते तीच तशी.

विजापूरहून निघालेली चिलीम

आता थोडं मागे जाऊ. १६०१ मध्ये असीरगड पडला आणि खानदेशची फारुकी सत्ता संपली. खानदेश मुघलांचा सुभा झाला. अकबराचा मुलगा दानियाल बऱ्हाणपूरला राहायचा. रावेर ओलांडलं की आलंच बऱ्हाणपूर, आमच्याकडचे लोक अजूनही तिथे कपडे घ्यायला जातात. दानियालचं लग्न विजापूरच्या आदिलशाही घराण्यातल्या मुलीशी ठरलं. तिला आणायला अकबराने असद बेग नावाचा सरदार विजापूरला पाठवला. १६०४ मध्ये गोदाकाठी पैठणला लग्न झालं. वऱ्हाडासोबत प्रसिद्ध इतिहासकार फरिश्ताही होता, आणि नवरीबरोबर तो पुढे बऱ्हाणपूरपर्यंत गेला.

असद बेगने आपल्या आठवणी लिहून ठेवल्यात. तो लिहितो की तंबाखू हा प्रकार त्याने त्याआधी हिंदुस्तानात पाहिला नव्हता, विजापूरला पहिल्यांदा पाहिला. त्याने ती बरोबर घेतली, रत्नजडित चिलीम बनवून घेतली आणि आग्र्याला अकबरासमोर ठेवली. बादशहाने विचारलं, हे काय? दरबारातल्या एकाने सांगितलं की ही तंबाखू, मक्का-मदिनेत लोकांना ठाऊक आहे, औषध म्हणून आणलीय. अकबराने दोन-चार झुरके घेतले. हकीम अस्वस्थ झाला. त्याचं म्हणणं, आपल्या ग्रंथांत या वस्तूचा उल्लेख नाही, तपासल्याशिवाय बादशहाने ती घेऊ नये. असद बेगने वाद घातला की प्रत्येक रूढी कधीतरी नवीच असते. अकबराला मुद्दा पटला, पण त्याने स्वतः पुढे ती सवय लावून घेतली नाही. दरबारी लोकांनी मात्र लावली. व्यापाऱ्यांनी माल आणायला सुरुवात केली. १६१७ मध्ये जहांगीराने बंदीचा हुकूम काढला. त्याचा किती उपयोग झाला, हे आपण सगळे कुठल्याही पानटपरीसमोर उभं राहून बघू शकतो.

विजापूरला ती आली कुठून? किनाऱ्यावरून. पोर्तुगीजांनी ती अमेरिका खंडातून गोव्याच्या वाटेने आणली. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. समुद्रातून महिनोन् महिने, मग घाट चढून बैलांच्या पाठीवर. लांबच्या गावात पोचलेली तंबाखू जुनीच असणार, ताजी तिथे पोचूच शकत नव्हती. म्हणजे 'जुनी तंबाखू' ही आधी आवड नव्हती, ती अंतराची सक्ती होती. सक्तीतून सवय आणि सवयीतून आवड, हा क्रम खाण्यापिण्याच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतो.

चिरूट आणि लंडनची तळघरं

'चिरूट' हा शब्द मूळ तमिळ 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळलेलं, त्यावरून आला. तमिळनाडूतल्या त्रिचनापल्लीजवळचं वोरैयूर आणि पलीकडे दिंडिगल ही चिरुटांची गावं. एकोणिसाव्या शतकात हे चिरूट इतके नावाजले की कॉनन डॉयलने १८८७ च्या पहिल्याच शेरलॉक होम्स कादंबरीत खुनी ओळखायला त्यांचा उपयोग केला. जमिनीवर सांडलेली राख बघून होम्स सांगतो की हा त्रिचनापल्लीचा सिगार. १८९० च्या पुढच्या कादंबरीत 'लंका' नावाच्या भारतीय चिरुटाचाही उल्लेख येतो. गोदावरीच्या मुखाजवळच्या बेटांना तिथे लंका म्हणतात, त्यावरून ते नाव. म्हणजे नाशिकहून निघालेली आपली गोदावरी शेवटी होम्सच्या नोंदवहीत पोचली.

इंग्लंडात याच सुमाराला सिगार 'बसवून' ठेवण्याची पद्धत रुजली. तिथले व्यापारी हवानाहून आलेला माल लगेच न विकता थंड, दमट तळघरांत ठेवत आणि नंतर काढत. वाइन जपणारी गिऱ्हाइकं होतीच, त्यांना ही भाषा लगेच कळली. दुसरीकडे क्यूबाच्या जवळच्या अमेरिकेत बरेच लोक ताजा माल पसंत करायचे, अगदी हिरवट पानाचासुद्धा. जवळ राहणाऱ्याला ताजा आवडतो, लांब राहणाऱ्याला जुना. मघाचा अंतराचा मुद्दा इथे परत भेटतो.

मग १९६२ साल आलं. अध्यक्ष केनेडींनी क्यूबावर व्यापारबंदी घातली. त्यांचे प्रसिद्धी सचिव पिएर सॅलिंजर यांनी नंतर सांगितलं की सहीच्या आदल्या संध्याकाळी केनेडींनी त्यांना शहरभर पिटाळून हजारेक क्यूबन सिगार जमवायला लावले होते, आणि ते बाराशे घेऊन आले. बंदीनंतर अमेरिकेत जे जुने क्यूबन सिगार उरले, ते आपोआप दुर्मिळ झाले. दुर्मिळ म्हणून महाग, आणि महाग म्हणून अप्रतिम. त्या 'अप्रतिम'मध्ये चव किती आणि बंदी किती, हे वेगळं करणं फार अवघड आहे.

आत नेमकं काय घडतं

आता रसायनशास्त्र, थोडक्यात. तीन टप्पे आहेत आणि लोक तिन्हींना सरसकट 'एजिंग' म्हणतात, तिथेच गोंधळ होतो.

पहिला टप्पा, वाळवण. पान तोडल्यावर लगेच मरत नाही. हळूहळू वाळताना ते आपला हिरवा रंग गमावतं, पिवळं आणि मग तपकिरी होतं. घाईने वाळवलं तर हिरवंच राहतं आणि धूर कडवट लागतो.

दुसरा टप्पा, आंबवणं. वाळलेली पानं किंचित ओलसर करून मोठे ढीग लावतात. ढिगाचं पोट आपोआप तापतं, कधी पन्नास अंशांच्या आसपास जातं. शेणखताच्या उकिरड्यात हात घातलाय का कधी? आत जशी ऊब असते, तसंच. तापला की ढीग मोडायचा, बाहेरचं आत, आतलं बाहेर. या काळात पानातली प्रथिनं मोडतात, अमोनिया बाहेर पडतो, निकोटिन थोडं कमी होतं, तिखटपणा उतरतो. हा टप्पा महिन्यांचा असतो, कधी वर्षांचा. इथे मुरवण्याने फरक पडतो याबद्दल वाद नाही. न आंबवलेल्या पानाचा सिगार आणि आंबवलेल्या पानाचा सिगार यांतला फरक कुणालाही कळेल.

तिसरा टप्पा, वळलेल्या सिगारचं जपणं. प्रश्न खरा याबद्दल होता. नुकताच वळलेला सिगार ओला असतो आणि त्याला पुन्हा थोडा अमोनियाचा वास येतो, कारण वळताना पान ओलं करावं लागतं. काही आठवडे-महिने ठेवला की हे जातं. कारखानेही त्यासाठी सिगार सीडरच्या लाकडाच्या खोल्यांत ठेवतात. नाव सीडर असलं तरी हा देवदार नव्हे. हे झाड आपल्याकडच्या तूण वृक्षाचं भाऊबंद, म्हणजे कडुनिंबाच्याच कुळातलं. त्यानंतर पुढच्या काही वर्षांत धार अजून कमी होते, आतली वेगवेगळी पानं एकमेकांचा वास घेतात, धूर गुळगुळीत लागतो. आणि त्याच्याही पुढे? सुगंधी तेलं उडत राहतात. दहा-वीस वर्षांनी बरेच सिगार सौम्य होत होत पुळचट होतात. जो मुळात कडक होता तो टिकतो, जो मुळात हलका होता तो विझतो.

तर उत्तर असं: सिगार लोणच्याच्या जातीचा आहे, पण बरणीला तळ आहे. आणि मुरणं म्हणजे नुसतं ठेवणं नाही. सत्तर टक्क्यांच्या जवळपास आर्द्रता आणि वीस अंशांच्या आसपास तापमान लागतं. मे महिन्यात आमच्या यावलला पारा पंचेचाळीसला जातो आणि हवा अशी कोरडी की ओठ फुटतात. तिथे कपाटात ठेवलेला सिगार मुरणार नाही, त्याचा भुगा होईल. पावसाळ्यात उलटं, बुरशी. आणि वर तंबाखूचा किडा. हा तोच तपकिरी, बारीक किडा जो घरात हळदीत आणि मिरचीत होतो. त्याला उबदार हवा आवडते, पेटीत अंडी असतील तर सिगारला गोल भोकं पडतात. माझ्या आईने त्या भोकांवरूनच ओळखला असता, तिने आयुष्यभर मसाल्याच्या डब्यांत त्याच्याशीच लढाई केलीय.

चाचणी कशी घ्यायची?

माझ्या कामाची सवय म्हणा, पण दावा ऐकला की 'टेस्ट केस कुठंय' हे डोक्यात येतं. आमच्या सिगारवाल्या मित्राने एक्सेलमध्ये नोंदी ठेवल्यात. एका पेटीतला एकेक सिगार दर सहा महिन्यांनी ओढायचा आणि दहापैकी गुण द्यायचे. गुण वाढत गेलेत. तो खूश आहे.

पण विचार करा. त्याला माहीत असतं की हा दोन वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वीची चव जिभेवर नसते, आठवणीत असते, आणि आठवण हे काही फार भरवशाचं साठवणीचं साधन नाही. शिवाय दोन वर्षांत तो स्वतःही मुरलाय, त्याची जीभ शिकलीय. त्याऐवजी आज घेतलेला नवा सिगार जुन्याशेजारी ठेवला तर? तो वेगळ्या वर्षीच्या पिकाचा, वेगळ्या पानांचा. तुलना बिघडलीच.

चव तपासणारे लोक एक सोपी पद्धत वापरतात. तीन नमुने द्यायचे, त्यांतले दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कोणता ते डोळे बांधून ओळखायचं. नुसत्या अंदाजाने तीनातून एकदा बरोबर येणारच. दहा फेऱ्यांत सात किंवा जास्त वेळा बरोबर आलं, तर ते निव्वळ नशिबाने घडण्याची शक्यता साधारण दोन टक्के. म्हणजे तेवढं जमलं तर मानायला हरकत नाही की फरक खरा आहे. लक्षात घ्या, यातून 'फरक आहे' एवढंच सिद्ध होतं. 'सुधारणा' आहे की नाही, हे ज्याच्या त्याच्या जिभेवर.

अजून एक फट आहे. वीस वर्षं कोण कुठली पेटी ठेवतो? जी आधीच चांगली वाटली ती. वाईट पेटी कुणी जपत नाही, ती मित्रांना वाटून संपवतो. त्यामुळे वीस वर्षांनी जे जुने सिगार उरतात ते निवडलेले असतात. 'जुनी गाणी किती छान होती' म्हणणाऱ्यांचं जे होतं तेच इथे. त्या काळातली टाकाऊ गाणी कुणी लक्षात ठेवलेली नसतात.

निपाणी: थांबणं कुणाला परवडतं

आता माझ्या मते या विषयाचा खरा गाभा. महाराष्ट्राच्या सीमेलगत, पुणे-बंगळूर रस्त्यावर निपाणी आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, बोली आणि बाजार मराठीच राहिला. इथली तंबाखू सिगारची नाही, बिडीची. उन्हात वाळवलेली. आणि तिला गुंडाळायला लागणारं टेंभुर्णीचं पान आमच्या सातपुड्यासारख्या डोंगरांतून उन्हाळ्यात तोडलं जातं. म्हणजे बिडी हा आपल्या गरिबांचा चिरूट, दोन वेगळ्या मातींचा.

बिडी तंबाखूही ठेवली की बदलते. रंग गडद होतो, घशाला लागणं कमी होतं. वखारीत पोती रचून ठेवणारा व्यापारी हे पक्कं जाणतो. पण पोती रचून ठेवायला वखार लागते, आणि वखारीत माल असताना घर चालवायला दुसरीकडून पैसा लागतो. शेतकऱ्याकडे दोन्ही नव्हतं. भर घालायला कायदा होताच. १९४३ मध्ये ब्रिटिश सरकारने कच्च्या तंबाखूवर अबकारी कर बसवला. कर भरेपर्यंत माल परवान्याच्या वखारीत, सरकारी नोंदीखाली. परवाना काढणं, हिशेब ठेवणं, माल अडकवून बसणं हे व्यापाऱ्याला जमायचं. शेतकऱ्याला पीक निघालं की विकणं भाग होतं, ते पण बऱ्याचदा आधीच घेतलेल्या उचलीपोटी. मुरण्याने वाढलेली किंमत ज्याने पिकवली त्याच्या वाट्याला येत नव्हती. ज्याच्याकडे थांबायची ताकद होती, त्याच्याकडे ती जात होती.

१९७९ च्या अंदाजपत्रकात चरणसिंगांनी कच्च्या तंबाखूवरचा हा कर काढला. पण त्याने भावाचा प्रश्न सुटला नाही. १९७६ साली स्थापन झालेल्या टोबॅको बोर्डाचं लक्ष सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूवर होतं, बिडीच्या तंबाखूला वाली नव्हता. १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या शेतकऱ्यांनी महामार्गावर ठाण मांडलं. हजारो माणसं रस्त्यावरच राहिली, स्वयंपाक तिथेच, झोप तिथेच. एप्रिलमध्ये पोलिसांनी आंदोलन मोडून काढलं. गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. हे शरद जोशी तेच, ज्यांनी आधी चाकणला कांद्यासाठी आंदोलन केलं होतं. कांद्याचं आणि तंबाखूचं दुखणं एकच, काढणीच्या वेळी भाव पडतो आणि नंतर चढतो.

त्याच वखारींमध्ये बायका काम करायच्या. तंबाखू कुटणं, चाळणं, निवडणं. दिवसभर नाकातोंडात ती धूळ. त्याच काळात त्याही संघटित झाल्या, मजुरीसाठी आणि माणसासारख्या वागणुकीसाठी. मुरलेल्या मालाची चव चाखणाऱ्याला चाळणीवरची ती बाई दिसत नाही.

मी केळीच्या मुलखातला, म्हणून हे मला जास्त टोचतं. केळीला थांबताच येत नाही. घड कापला की दिवस मोजायला सुरुवात. भाव पडला म्हणून 'पुढच्या महिन्यात विकू' हा पर्यायच नाही. लहानपणी मला वाटायचं, टिकणारं पीक असतं तर आपले लोक सुखी असते. निपाणी सांगते की तसं नाही. पीक टिकाऊ असून भागत नाही, शेतकरीही टिकला पाहिजे.

'जुनी बाधत नही'

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा भाग संपवता येणार नाही. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, तंबाखू खायचे. चंचीत चुन्याची डबी आणि तंबाखू. नवी तंबाखू आणली की ते ती पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवायचे आणि आधीची जुनी काढायचे. म्हणायचे, "जुनी तमाखू बाधत नही रे भो. नवीच चढते डोक्यात." घसा न जळणं आणि शरीराला न बाधणं, ही दोन वेगळी वाक्यं आहेत हे त्यांना कुणी सांगितलं नाही. आबांच्या गालात गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं, अर्धा जबडा गेला, त्यानंतर ते एक वर्ष जगले. त्या वर्षात त्यांना भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागायची.

आबांचं निरीक्षण चूक नव्हतं, हे मला आता कळतं. जुनी तंबाखू खरंच कमी तिखट लागते, अमोनिया आणि थोडं निकोटिन गेलेलं असतं. पण कर्करोग करणारी नायट्रोसामाइन नावाची जी द्रव्यं तंबाखूत असतात, ती वाळवताना, आंबवताना आणि साठवताना तयार होतात. म्हणजे ज्या काळात चव सौम्य होते त्याच काळात हे दुसरं कामही आत चालू राहू शकतं, आणि ते जिभेला कळत नाही. सिगारवाल्यांनाही हेच लागू. 'आम्ही धूर आत घेत नाही' हे ते अभिमानाने सांगतात. पण सिगारच्या धुरातलं निकोटिन तोंडातूनच शोषलं जातं, आणि तोंडाचा कर्करोग व्हायला धूर फुप्फुसात जायची गरज नसते. जीभ चव मोजते. धोका मोजायचं इंद्रिय आपल्याला दिलेलं नाही.

तर उत्तर काय?

ज्यांनी प्रश्न विचारला त्यांच्यासाठी थोडक्यात. पान मुरवल्याशिवाय सिगार होतच नाही, त्यामुळे मुरण्याची किमया खोटी नाही. वळलेला सिगार काही महिने ते काही वर्षं नीट सांभाळला तर त्याची धार उतरते, हेही खरं. त्यापुढे प्रत्येक वर्षागणिक चव चढतच जाते हे मात्र खरं नाही, त्यापुढे चढते ती मुख्यतः किंमत. आणि ती किंमत चवीपेक्षा थांबण्याची जास्त असते. कुणाला थांबणं परवडलं, कुणाला नाही, याचा हिशेब त्यात दडलेला असतो.

ऑफिसातल्या मित्राला हा भाग पाठवलाय. तो म्हणाला, डोळे बांधून दहा फेऱ्यांची चाचणी द्यायला मी तयार आहे. मी त्याला सांगितलं, दहा फेऱ्या म्हणजे तीस सिगार, नको. त्याऐवजी जुन्या आणि नव्या तांदळाच्या भातावर ती चाचणी घेऊ. सात वेळा ओळखलास तर जेवण माझ्याकडून, शेवभाजी आणि कळण्याची भाकरी.

तुमच्या घरी, गावात 'जुनं ते चांगलं' मानून काय काय जपून ठेवतात? गूळ, चिंच, तूप, कुळीथ, काहीही. आणि निपाणी, सांगली, जयसिंगपूर भागातल्या श्रोत्यांनो, तुमच्या घरात वखारीत राबलेलं किंवा १९८१ च्या रस्त्यावर बसलेलं कुणी असेल, तर त्यांच्याकडून ऐकलेलं मला नक्की लिहून पाठवा. पुढचा भाग त्यावरच करायचा विचार आहे. तोवर, रामराम.